चेहऱ्याची रोजनिशी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना काय लिहायला द्यावे, हा मराठीच्या मास्तरांचा जुना प्रश्न आहे. निबंध दिला तर तो गाइडातून जसाच्या तसा उतरून येतो आणि शुद्धलेखन दिले तर ते थोरल्या बहिणीच्या अक्षरात येते. म्हणून गेली काही वर्षे मी सातवीच्या मुलांना रोजनिशी लिहायला सांगतो. रोज पाच ओळी. त्याहून अधिक नकोत. जूनमध्ये वह्या गोळा झाल्या की मी त्या घरी आणतो आणि ओसरीवर बसून वाचतो. आमचे धर्माबाद हे मिरचीचे गाव. तेव्हा त्या वह्यांत मिरची असते, बाजारातून आलेल्या वडिलांचा ठसका असतो, निजामाबादच्या मावशीकडचे लग्न असते, बासरला सरस्वतीपुढे धाकट्या भावाचा झालेला अक्षराभ्यास असतो. भाषा मराठी, पण मधूनच एखादा तेलुगू शब्द पाहुण्यासारखा येऊन बसलेला. या वह्या वाचताना मला जो आनंद होतो तो पुष्कळ छापील आत्मचरित्रे वाचताना होत नाही.

मागच्या जूनमध्ये एका मुलीने वही दिली नाही. तिने आईचा मोबाइल माझ्यापुढे धरला. सुट्टीतल्या प्रत्येक दिवशी तिने स्वतःचे एक छायाचित्र काढले होते; एकूण ४३. "सर, मी रोजनिशी लिहिली नाही, काढली," असे ती म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो आणि गुणांच्या रकान्यात शून्य लिहिले. "ही रोजनिशी नव्हे, हा आरसा आहे," असे एक वाक्यही तिला वर ऐकवले. वाक्य बरे जुळले म्हणून त्या दिवशी मी मनातून थोडा खूषही होतो.

पुढे ते शून्य मी खोडले. परंतु का खोडले हे तिला सांगितले नाही. मुळात ते देण्याचा अधिकार मला नव्हता, आणि त्याचे कारण मी या लेखात यथाक्रम सांगणार आहे. आधी मला या प्रकाराकडे, म्हणजे रोज स्वतःचे एक छायाचित्र घ्यायचे आणि त्यांनाच आपली रोजनिशी मानायचे या प्रकाराकडे, एक रचना म्हणून पाहायचे आहे. समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी जुन्या भाषेत मॅट्रिक झालेला माणूस. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्या आधारावर एका खाजगी शाळेने मराठीचे तास दिले. ज्या जिल्ह्यात नरहर कुरुंदकर राहिले आणि बोलले, त्या जिल्ह्यात माझ्यासारख्याने कलाविचार सांगू लागावे यातला विनोद मला कळतो. पण एका मुलीचे उत्तर देणे राहिले आहे, आणि ते तोंडी देता येण्यासारखे नाही.

*

रोजनिशीत नेहमी दोन माणसे असतात. एक दिवसभर वावरलेला आणि दुसरा रात्री लिहायला बसलेला. दिवसभर वावरलेल्याच्या पदरात पुष्कळ काही पडलेले असते; लिहायला बसलेला त्यातले थोडे वेचतो आणि बाकीचे टाकून देतो. काय वेचले यावरून आपण त्याला ओळखतो. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, त्याला 'स्मृतिचित्रे' हे नाव आहे. ते नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. तेथे चित्र काढणारी स्मृती आहे. तिने मधली वर्षे जाऊ दिली, नको ते गळू दिले आणि मग जे उरले ते काढले. रोजनिशी लिहिणाऱ्याची स्मृती अवघ्या एका दिवसाची असते. तरी ती स्मृतीच असते आणि तिच्यात निवड असतेच.

छायाचित्रात हा दुसरा माणूस नाही. जो क्षण जगला जातो तोच टिपला जातो. कोणत्या बाजूने उभे राहावे, हसावे की गंभीर राहावे, एवढी निवड माणूस करतो हे खरे. पण एकदा कळ दाबली की चौकटीत जे जे आले ते सारे राहते. लिहिणारा ज्याला क्षुल्लक म्हणून वगळील ते सुद्धा राहते. म्हणजे छायाचित्राच्या रोजनिशीत नोंद आहे; त्या नोंदीविषयीचे मत मात्र नाही. ते मत पुढे केव्हातरी, कोणीतरी पाहायला बसेल तेव्हा यायचे. लिखित रोजनिशी लिहिताना पुरी होते आणि ही वाचताना पुरी होते, असा भेद मला दिसतो. तो मान्य केला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. या प्रकाराचे यश काढणाऱ्याच्या चिकाटीवर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक ते पाहणाऱ्याच्या सावकाशीवर अवलंबून आहे.

*

हा उद्योग मोबाइल आल्यावर निघालेला नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ कार्ल बेडन नावाचे छायाचित्रणाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांनी २३ फेब्रुवारी १९८७ या दिवशी सुरुवात केली. आदल्याच दिवशी अँडी वॉरहॉल हा प्रसिद्ध चित्रकार वारला होता. बेडन यांनी नियम करून घेतले: तोच कॅमेरा, तोच प्रकाश, तीच चौकट, आणि चेहऱ्यावर शक्यतो कोणताही भाव नाही. पुढे दशकांमागून दशके हा क्रम चालला. आरंभीच्या साडेचार वर्षांनंतर, १९९१ मध्ये, एक दिवस मात्र चुकला.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. बेडन यांची छायाचित्रे ओळीने मांडली की या तत्त्वांची मोठी कसोटी लागते. शेजारशेजारची दोन चित्रे घ्या. त्यांत संवादच संवाद आहे. विरोध शोधून सापडत नाही. पहिले चित्र आणि पाचहजारावे चित्र घ्या. त्यांत विरोध एवढा आहे की ती एकाच माणसाची आहेत हे कोणी सांगावे लागते. याचा अर्थ असा की या रचनेतले सौंदर्य एकाही चित्रात नाही. ते दोन चित्रांमधल्या अंतरात आहे. शेजारच्या दिवसांत काहीच घडत नाही आणि तरी सगळे घडून जाते, ही आपल्या आयुष्याविषयीची गोष्ट आपण ऐकून जाणतो. ती येथे डोळ्यांना दिसते. एवढे श्रेय या प्रकाराला द्यायलाच हवे.

पण बेडन यांच्या मालिकेतले माझे आवडते पान कोणते असे कोणी विचारले तर मी त्या चुकलेल्या दिवसाकडे बोट दाखवीन. बाकीच्या हजारो दिवशी नियम पाळला गेला. त्या एका दिवशी माणूस जगण्याच्या धांदलीत नियम विसरला. मास्तर म्हणून मला हजेरीपटाचा अनुभव आहे. हजर मुलांच्या खुणांवरून कधी काही कळत नाही. गैरहजेरीची खूण दिसली की मास्तर विचारतो, काल का आला नाहीस? आणि मग घरातली सगळी गोष्ट बाहेर येते.

दुसरे उदाहरण पोलिश चित्रकार रोमान ओपाल्का यांचे. त्यांनी १९६५ मध्ये वॉर्सात एका मोठ्या काळ्या कापडावर डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने १ हा आकडा काढला, मग २, मग ३; आणि मरेपर्यंत ते पुढचे आकडेच काढीत राहिले. १९७२ पासून प्रत्येक नव्या कापडाची पार्श्वभूमी ते थोडी थोडी उजळ करीत गेले, म्हणजे शेवटी पांढऱ्यावर पांढरे उमटावे. दिवसाचे काम संपले की त्याच चित्रासमोर, तसाच पांढरा सदरा घालून, ते स्वतःचे एक छायाचित्र घेत. २०११ मध्ये ते गेले तेव्हा शेवटचा आकडा ५६,०७,२४९ होता.

बेडन आणि ओपाल्का यांत मला ओपाल्का मोठे वाटतात, आणि याचे कारण साधे आहे. ओपाल्कांच्या चेहऱ्यामागे त्या दिवसाचे काम उभे आहे. आज माझा चेहरा असा आहे, एवढेच ते सांगत नाहीत. आज एवढे केले आणि त्यानंतर माझा चेहरा असा आहे, असे सांगतात. शेतावरून परतलेल्या माणसाचा चेहरा आणि नुसता अंगणात बसलेल्या माणसाचा चेहरा यांत जे अंतर असते ते येथे आहे. शिवाय केस पांढरे होत जातात तसे कापडही पांढरे होत जाते, हा संवाद कोणालाही कळण्याजोगा आहे. त्याला टीकाकाराची गरज नाही.

*

पुढच्या पिढीत या प्रकाराला निराळे वळण लागले. नोआ कलिना या अमेरिकन तरुणाने ११ जानेवारी २००० पासून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रोज स्वतःचे छायाचित्र काढायला आरंभ केला. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्याने तोवरची २,००० हून अधिक छायाचित्रे एकापाठोपाठ एक भराभर पळवून त्यांचा एक लघुपट केला आणि यूट्यूबवर ठेवला. त्याच्या थोडे आधी अहरी ली या बाईंनीही आपल्या तीन वर्षांच्या छायाचित्रांचा असाच लघुपट केला होता. कलिनाचा लघुपट सहा मिनिटांच्या आतला आहे. त्याला पियानोची साथ आहे. डोळे जागच्या जागी राहतात. केस, कपडे, खोल्या मागे उडत राहतात. तो लाखो लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर जगभर जे अनुकरण झाले ते बहुतेक त्याचेच झाले.

हा लघुपट मीही पाहिला आहे, एकदा नव्हे तर पाच-सहा वेळा. तो मनाला चटका लावतो, यात शंका नाही. तथापि चटका कसला बसतो याचा मी विचार केला तेव्हा ध्यानात आले की तो वेगाचा आहे. आयुष्य भुर्रकन उडून जाते, ही भावना त्या लघुपटाने मला दिली. पण ती मी घेऊनच आलो होतो. ज्या दिवसांसाठी हा सारा खटाटोप, ते दिवस त्या वेगात चिरडून गेले. एका दिवसाच्या वाट्याला सेकंदाचा लहानसा तुकडा आला. रोजनिशीची पाने पंख्याच्या वाऱ्यासारखी फडफडवून दाखवावीत आणि वाचून झाली असे म्हणावे, तसे काहीसे येथे झाले आहे.

यावर कोणी म्हणेल की चित्रे पळवण्यात वाईट काय आहे? आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तरी काय केले होते? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाची विद्या आणि सामग्री घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, पुढे कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतले. त्यातून मिनिटभराहून थोडा अधिक चालणारा 'अंकुराची वाढ' हा लघुपट झाला. बियाण्यातून कोंब निघतो, पाने फुटतात, वेल होतो हे डोळ्यांदेखत पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. रोज एक चित्र, ठरल्या जागेवरून, न चुकता, या शिस्तीचा आपल्याकडचा आद्य पुरुष मी फाळक्यांनाच मानतो.

परंतु वाटाणा आणि माणूस यांत भेद आहे. वाटाण्याला जायचे ठिकाण ठरलेले आहे. बियाण्यापासून शेंगेपर्यंत त्याचे एक सरळ कथानक आहे, आणि ते इतके मंद चालते की वेग वाढवल्याशिवाय आपल्याला दिसतच नाही. तेथे वेग हा ज्ञानाचे साधन होतो. माणसाच्या चेहऱ्याला असे कथानक नाही. म्हातारपणाकडे जाणे एवढेच कथानक मानले तर ते सर्वांचे सारखे आहे. त्यासाठी कलिना कशाला, कोणीही चालेल. माणसाची गोष्ट त्या सरळ रेषेत नसते. ती बुधवारी दाढी का केली नाही यात असते. खोली का बदलली, शर्टाची गुंडी का तुटली, मागच्या खुर्चीवर कोण बसायचे आणि आता कोण बसत नाही यात असते. हे पाहायचे तर थांबावे लागते. वाटाण्याला जो न्याय लावला तोच माणसाला लावणे ही माझ्या मते या साऱ्या अनुकरणातली मूळ चूक आहे.

*

जेमी लिव्हिंगस्टन या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने ही चूक केली नाही. ३१ मार्च १९७९ पासून त्याने रोज एकच पोलरॉइड छायाचित्र घ्यायचे ठरवले; लगेच छापून हाती पडणारे, आणि आवडो न आवडो, त्या दिवसाचे तेच. गंमत अशी की त्यात तो स्वतः नेहमी नसतो. मित्र असतात, जेवणाचे टेबल असते, रस्ता असतो, कधी तो स्वतः असतो. पुढे पुढे दवाखाना येतो. मेंदूतल्या गाठीच्या दुखण्यात २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, त्याच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, तो गेला, आणि त्या दिवसापर्यंतचे चित्र आहे. तोवर ६,००० हून अधिक छायाचित्रे झाली होती. २००७ मध्ये मित्रांनी ती त्याच्या जुन्या महाविद्यालयात भिंतीवर ओळीने मांडली. कसलेही संगीत नाही, काही पळवणे नाही. पाहणाऱ्याने आपल्या पायांनी चालायचे आणि वाटेल तेथे थांबायचे.

ओपाल्का आणि लिव्हिंगस्टन यांच्या उदाहरणांतून या प्रकाराचा आणखी एक धर्म दिसतो. याला शेवट रचता येत नाही. कादंबरीकार म्हणून मला शेवटाचा फार सोस आहे. अखेरचे प्रकरण मी आठ-आठ वेळा लिहितो. येथे अखेरचे प्रकरण कर्त्याच्या हाती नाही. तो एक तर कंटाळून थांबतो किंवा मरतो, आणि मरतो तेव्हा ते शेवटचे पान होते हे त्याला ठाऊक नसते. लिव्हिंगस्टनची रोजनिशी इतकी समाधान देणारी का वाटते, तर तिचा शेवट तो गेल्यावर त्याच्या मित्रांनी केला.

आपल्या देशात स्वतःच्या चेहऱ्याचा असा दीर्घ पाठपुरावा उमरावसिंग शेरगिल यांनी केला. चित्रकार अमृता शेरगिल यांचे ते वडील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे पन्नास वर्षे ते स्वतःची छायाचित्रे घेत राहिले. रोजची नव्हेत, पण एकत्र पाहिली तर तीही एक रोजनिशीच आहे. कधी विद्वानाच्या आविर्भावात, कधी योग्याच्या, कधी उघड्या अंगाने. प्रत्येक चित्रात त्यांनी एक वेष पांघरला आहे आणि तरी एकूण चित्रांतून वेष गळून एक एकाकी गृहस्थ पुढे येतो. पुढे त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ च्या सुमारास त्या चित्रांतली माणसे एकमेकांशेजारी आणून नव्याने जुळवली. म्हणजे येथेही वाचणारा मागाहून आला. आजोबांनी नोंद केली आणि नातवाने ती वाचली.

*

आता माझ्या कारणाकडे येतो.

माझ्या आजोबांचे छायाचित्र नाही. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. हैदराबादेत राजा दीनदयाळांनी सहाव्या निजामाच्या दरबाराची, उमरावांची, त्यांच्या वाड्यांची काय देखणी छायाचित्रे घेतली! १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओसुद्धा काढला. पण गोदाकाठच्या कुळवाड्याचा चेहरा टिपायला कोण येणार? माझे वडील २०१८ मध्ये वारले. तेराव्याला भिंतीवर लावायला छायाचित्र हवे म्हणून शोधले, तर निवडणुकीच्या ओळखपत्रावरचे एक मिळाले. त्यात ते ओळखू येईनात. शेवटी एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. आजही त्या तसबिरीत वडिलांच्या खांद्यावर कोणा अनोळखी माणसाची चार बोटे आहेत.

त्या बोटांचा मी धसका घेतला. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, मी रोज सकाळी सात वाजता स्वतःचे एक छायाचित्र काढायला लागलो. ओसरीवरचे तेच स्टूल, मागे घराचे दार, हसायचे नाही. बेडन आणि ओपाल्का यांची नावे मला तेव्हा ठाऊक नव्हती. नियम मात्र आपोआप तसेच झाले. माय अंगणात असायची. ती एकदा म्हणाली, "कामून रे, रोज रोज सोताचंच तोंड बघायलास?" मी म्हणालो, "हिशेब ठेवायलो, माय." "कशाचा?" "दिसाचा." यावर ती काही बोलली नाही, हातातली बादली घेऊन आत गेली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या काळात मंगळवार आणि बुधवार यांत काही फरक उरला नाही, तेव्हा या छायाचित्राने मला आधार दिला हे मी कबूल करतो. आज मी होतो, एवढी नोंद व्हायची. अधूनमधून जुनी चित्रे काढून पाहायचो. डाव्या कानावरचे केस पांढरे झाल्याचे मला तेथेच कळले, आणि ते मी एका कागदावर तारखेसह टिपूनही ठेवले.

२०२१ च्या जुलैअखेर माय गेली. पोटाचे दुखणे होते. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी मला विचारले होते, "वजन कधीपासून कमी होतंय?" मी म्हणालो, "महिना झाला असेल." त्यानंतर मी छायाचित्र काढणे थांबवले. एकूण ६४३ दिवस झाले होते. ३१ दिवस चुकलेले, ६१२ चित्रे.

भिंतीसाठी पुन्हा एक छायाचित्र हवे होते. मायचे कुठेच नाही, म्हणून माझी चित्रे उघडली आणि प्रथमच स्वतःला सोडून मागे पाहिले. २३८ चित्रांत ती होती. पहिल्या दिवाळीत ती सडा टाकीत उभी आहे, पाठमोरी, ताठ. पुढच्या हिवाळ्यात, २०२० च्या डिसेंबरात, तेच हिरवे लुगडे अंगावर सैल झाले आहे. मार्चमध्ये ती उभी नाही. उंबऱ्यावर बसली आहे. मेमध्ये उठताना चौकट धरलेला हात आहे. जूनमध्ये नुसता हात आहे. जुलैत दार उघडे आहे आणि आत अंधार आहे. या सगळ्या चित्रांत मी पुढे बसलेलो आहे, नीट प्रकाशात, आणि माझ्या चेहऱ्यावर ठरल्याप्रमाणे कोणताही भाव नाही.

महिना झाला असेल, असे मी डॉक्टरांना सांगितले होते. माझ्याच खिशातली रोजनिशी आठ महिने म्हणत होती. ती वेळेवर वाचली असती तर माय वाचली असती, असे मी म्हणत नाही. ते मला ठाऊक नाही. पण विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर तरी देता आले असते.

*

याच कारणाने मला त्या मुलीच्या ४३ चित्रांचा राग आला होता. माझे वाक्य तिच्यासाठी नव्हतेच. तिच्या हातातला आरसा मी माझा समजलो आणि शून्य दिले.

काही दिवसांनी मी तिला मोबाइल पुन्हा आणायला सांगितला आणि मधल्या सुट्टीत एकेक चित्र सावकाश पाहिले. चेहरा सगळीकडे तोच, थोडा उन्हाने रापत गेलेला. मागे वाळत घातलेली मिरची, तिचा ढीग कधी मोठा, कधी लहान. दुपारचे बाजेवर झोपलेले वडील. कोपऱ्यात खुंट्याला बांधलेली एक शेळी. सव्विसाव्या चित्रानंतर खुंटा आहे, दावे आहे, शेळी नाही.

मी विचारले, "शेळी कुठं गेली गं?"

"इकली, सर. वह्या-पुस्तकासाठी."

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं नाही. पण हाय की चित्रात."

ती बरोबर बोलली आणि तरी पुरते बरोबर नव्हे, असे मला वाटते. या लेखाचा जो काही निष्कर्ष आहे तो एवढाच. शेळी चित्रात होती आणि मग नव्हती, हे यंत्राने प्रामाणिकपणे ठेवले. परंतु ती विकली, आणि ती वह्यांसाठी विकली, हे चित्रात नाही. ते तिच्यापाशी आहे. उद्या ती मोठी होईल, मोबाइल बदलेल, कोणी अनोळखी माणूस ती चित्रे पाहील आणि त्याला रिकामा खुंटा दिसेल. रोज स्वतःचे छायाचित्र काढणे हा पोकळ आत्मरंजनाचा उद्योग आहे, असे पुष्कळ जाणती माणसे म्हणतात. चेहरा पाहण्यासाठी ते केले तर तसे ते आहेच. पण चेहरा हे केवळ ठरावीक जागी रोज उभे राहण्याचे निमित्त आहे, हे ज्याला कळले त्याच्या हातून आपल्या घराची फार मोलाची नोंद होऊन जाते. मात्र ती नोंद कोणीतरी, चित्रे न पळवता, वेळ असताना वाचली पाहिजे. रोजनिशीतला तो दुसरा माणूस, रात्री लिहायला बसणारा, यंत्राने काढून टाकला आहे. त्याला आपण परत बोलावले पाहिजे.

मी तिला सांगितले की प्रत्येक चित्रासाठी वहीत एक ओळ लिही. चेहऱ्याविषयी नको, मागे जे आहे त्याविषयी लिही. आठवड्याने तिने ४३ ओळी आणून दिल्या. मी पटावरचे शून्य खोडले, शेजारी सही केली आणि दहापैकी आठ गुण दिले. दोन गुण शुद्धलेखनाचे कापले आहेत.